शेळीपालकाचा काटा, ग्राहकाचा वाटा

कोल्हापूर जिल्ह्याचे नाव निघाले की ऊस, गूळ आणि दूध यांच्याबरोबर तांबड्या-पांढऱ्या रश्श्याची आठवण होते. यांपैकी पहिल्या तिन्ही मालांना जिल्ह्यात संघटित बाजार लाभला. १८९५ साली शाहू छत्रपतींनी शाहूपुरीची पेठ वसविली आणि गुळाला हक्काची बाजारपेठ मिळाली. उसासाठी सहकारी साखर कारखाने उभे राहिले. दुधासाठी १९६३ साली जिल्हा सहकारी दूध उत्पादक संघ स्थापन झाला व ‘गोकुळ’ हे त्याचे नाव घरोघरी पोहोचले. ज्या बोकडाच्या मटणावर कोल्हापूरच्या पाहुणचाराची कीर्ती उभी आहे, तो पाळणारा मात्र या संघटनेच्या बाहेरच राहिला. आपला माल किती भरला आणि त्याचा दर कोणता, हे त्याला आजही पुष्कळदा दुसऱ्याच्या तोंडून ऐकावे लागते.

शेळी ही अल्पभूधारक, भूमिहीन शेतमजूर आणि विशेषतः ग्रामीण स्त्री यांचे धन आहे. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेनुसार महाराष्ट्रात सुमारे १ कोटी ६ लाख शेळ्या व सुमारे २७ लाख मेंढ्या होत्या. एवढ्या मोठ्या पशुधनाचे मोल पाळणाऱ्याच्या पदरात पुरेपूर पडावे, यासाठी शेळीपालक, खाटीक व्यावसायिक, ग्राहक आणि ग्रामपंचायत यांची भागीदारी कशी उभी करता येईल, याचा विचार येथे केला आहे.

दूध मोजले गेले, बोकड मोजला गेला नाही

दुग्धव्यवसायाच्या यशाची कारणे सांगताना शीतकरण, वाहतूक आणि भांडवल यांचा उल्लेख केला जातो. तो योग्यच आहे. परंतु या सर्वांच्या आधी गावातील दूध संस्थेच्या दारात एक साधी गोष्ट घडली. उत्पादकाच्या डोळ्यांदेखत दूध मापले जाऊ लागले, त्यातील स्निग्धांश तपासला जाऊ लागला आणि त्याची नोंद पुस्तकात होऊ लागली. एका म्हशीच्या मालकिणीलाही आपल्या दुधाची प्रत आणि त्यावरून ठरलेला दर कळू लागला. ठरावीक मुदतीने बिल हाती पडू लागल्यामुळे उधारी व अडवणूक कमी झाली. पुढची सर्व इमारत या मापावर उभी राहिली.

बोकडाच्या बाबतीत अजूनही बहुतेक ठिकाणी नजरेचा सौदा चालतो. हेडी दारात येतो, जनावराच्या पाठीवर हात फिरवितो, कंबर चाचपतो आणि नगावर किंमत सांगतो. जनावरांच्या बाजारात रुमालाखाली बोटे दाबून भाव ठरविण्याची जुनी रीत सर्वांना ठाऊक आहे. पेठवडगाव किंवा आटपाडीसारख्या मोठ्या बाजारांत रोज शेकडो जनावरे पाहणाऱ्या व्यापाऱ्याची नजर तयार झालेली असते. वर्षाकाठी चार-पाच बोकड विकणाऱ्या कुटुंबाला तशी नजर येणे शक्य नसते. त्यातच विक्री बहुधा अडीनडीची असते. दवाखाना, शाळेचे शुल्क, लग्नकार्य किंवा बी-बियाणे यांसाठी त्याच दिवशी पैसे हवे असतात आणि घेणाऱ्याला ही निकड बरोबर कळते. अशा सौद्यात विकणारा दोनदा मागे पडतो, एकदा वजनात आणि दुसऱ्यांदा वेळेत.

वाट्याची जुनी रीत

पाळणाऱ्याकडून थेट खाणाऱ्याकडे मटण पोहोचविण्याची कल्पना पश्चिम महाराष्ट्राला नवी नाही. खेड्यांत सण, जत्रा किंवा पाहुणे यांच्या निमित्ताने दहा-बारा घरे एकत्र येऊन गावातलेच बकरे ठरवीत. मुलाणी किंवा खाटीक ते कापून देई व त्याचा हक्क त्याला मिळे. मटणाचे सारखे वाटे घातले जात आणि प्रत्येक घर आपल्या वाट्याची रक्कम भरी. ही ‘वाट्या’ची रीत अनेक गावांत आजही टिकून आहे. तिच्यात जनावर कोणाच्या गोठ्यातले आहे हे सर्वांना ठाऊक असते, मांस ताजे असते आणि वाटे सर्वांसमोर घातले जात असल्याने फसवणुकीला वाव राहत नाही.

या रीतीत दोन उणिवा आहेत. जनावराची किंमत येथेही अंदाजानेच ठरते आणि कापणीपूर्वी पशुवैद्यकीय तपासणी होत नाही. या दोन उणिवा दूर केल्यास वाट्याची जुनी रीत आधुनिक भागीदारीचा पाया होऊ शकेल.

२०१९ च्या अखेरीस कोल्हापूर शहरात मटणाच्या दरवाढीवरून मोठे आंदोलन झाले. दर किलोला सहाशे रुपयांच्या घरात गेल्यावर कसबा बावड्यासह शहराच्या विविध भागांतील नागरिकांनी चढ्या दराने खरेदी न करण्याची भूमिका घेतली व कृती समित्या स्थापन झाल्या. विक्रेत्यांनीही बकऱ्यांच्या वाढलेल्या खरेदी दराकडे बोट दाखविले. या वादाचा रोख मुख्यतः ग्राहक आणि विक्रेता या दोघांवरच राहिला. दुकानातील एका किलोच्या दरापैकी गोठ्यापर्यंत किती रुपये पोहोचतात, हा प्रश्न मागे पडला. खरे पाहता, या एकाच प्रश्नाच्या उत्तरात ग्राहक, विक्रेता आणि पालक या तिघांचेही हित गुंतलेले आहे.

एका बोकडाचा हिशेब

हा हिशेब समजण्यासाठी एक उदाहरण घेऊ. त्यातील दर केवळ उदाहरणादाखल धरले असून प्रत्येक गावाने आपल्या बाजारातील आकडे त्या जागी घालावेत.

जिवंत वजनाच्या सुमारे ४५ ते ५० टक्के मटण बोकडापासून मिळते. ३० किलोच्या बोकडापासून ४५ टक्क्यांनी १३.५ किलो मटण मिळेल. किलोस ७०० रुपये दर धरल्यास त्याचे ९,४५० रुपये होतात. मुंडी, पाय, वजडी आदी सुट्या मालाचे ९०० रुपये धरले तर एकूण उत्पन्न १०,३५० रुपये होते. कातड्याचा भाव अलीकडे बराच घसरला असल्याने तो येथे धरलेला नाही.

आता हाच बोकड जिवंत वजनाला किलोस ३०० रुपये या दराने विकला, तर पालकास ९,००० रुपये मिळतील. नजरेच्या सौद्यात तो २५ किलोचा ठरला, तर ७,५०० रुपयेच हाती येतील. पाच किलोच्या चुकलेल्या अंदाजाने एका जनावरामागे १,५०० रुपयांचा फरक पडला. दुसरीकडे, योग्य वजनाने खरेदी झाल्यास विक्री उत्पन्न आणि खरेदी यांत १,३५० रुपये उरतात. खाटकाची मजुरी, तपासणी, पाणी, बर्फ, वाहतूक आणि घट हे सर्व त्यातूनच भागवावे लागते.

या हिशेबातून एक महत्त्वाची गोष्ट निघते. मधला माणूस काढून टाकला की सर्व नफा पालकाला मिळेल, ही समजूत खरी नाही. खाटकाचे काम कसबाचे आहे आणि त्याची मजुरी कोणत्याही व्यवस्थेत द्यावीच लागते. पालकाचा खरा लाभ काट्यावर होतो. म्हणून थेट विक्रीची पहिली पायरी दुकान थाटणे ही नसून गावात वजनकाटा बसविणे ही आहे.

काटा हाताशी नसेल तेथे मोजपट्टीनेही बऱ्यापैकी अंदाज काढता येतो. पुढच्या पायांच्या लगेच मागून छातीचा घेर इंचांत मोजावा. खांद्याच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या मागील हाडापर्यंतची लांबीही इंचांत मोजावी. घेराचा वर्ग करून त्यास लांबीने गुणावे व ६६० ने भागावे, म्हणजे वजन किलोमध्ये येते. घेर २८ इंच व लांबी २५ इंच असल्यास वजन जवळजवळ ३० किलो भरेल. प्राथमिक शाळेतील शिक्षकांनी गणिताच्या तासाला हे उदाहरण घेतल्यास मुलांना वर्ग व भागाकार यांचा उपयोग कळेल आणि ते ज्ञान त्याच संध्याकाळी गोठ्यापर्यंत पोहोचेल.

चाळीस घरे आणि सव्वीस गोठे

भागीदारीचा आवाका किती असावा, याचाही हिशेब मांडता येतो. शहरातील एखाद्या गल्लीतील किंवा कर्मचारी वसाहतीतील ४० कुटुंबांनी दर रविवारी एक किलो मटण घेण्याचे ठरविले, तर ४० किलो मटण लागेल. वर सांगितलेल्या वजनाचे तीन बोकड त्यास पुरतात. श्रावण, नवरात्र आणि इतर काही रविवार वगळून वर्षाचे ४४ रविवार धरले, तर १३२ बोकडांची मागणी निश्चित होते.

शेळीचा गाभणकाळ सुमारे पाच महिन्यांचा असतो आणि चांगल्या निगेत ती दोन वर्षांत तीन वेळा विते. जुळी करडे होण्याचे प्रमाण उस्मानाबादी जातीत चांगले आहे. मरतूक आणि कळपात राखावयाच्या पाटी वजा जाता एका शेळीमागे वर्षाला एक विक्रीयोग्य बोकड धरणे सुरक्षित ठरेल. पाच शेळ्यांच्या कुटुंबाकडून वर्षाला पाच बोकड येतील. म्हणजेच ४० घरांच्या रविवारच्या जेवणाने सुमारे २६ शेळीपालक कुटुंबांना वर्षभराचा ग्राहक मिळतो. वरील उदाहरणातील १,५०० रुपयांच्या फरकातून संस्थेच्या खर्चासाठी जनावरामागे १०० रुपये वजा केले, तरी प्रत्येक कुटुंबाच्या हाती वर्षाला ७,००० रुपये अधिक पडतील. भूमिहीन कुटुंबाच्या दृष्टीने ही रक्कम लहान नाही.

मटणाच्या मागणीला पंचांगाची लय असते. आषाढात मागणी चढते, श्रावणात ओसरते आणि धुळवड व जत्रांच्या दिवसांत पुन्हा वाढते. ज्येष्ठ-आषाढात शेळ्या फळविल्यास कार्तिक-मार्गशीर्षात करडे जन्मतात. हिवाळ्यात त्यांची वाढ होऊन पुढील आषाढापर्यंत ती सात-आठ महिन्यांची होतात. असे नियोजन एकट्या पालकास जमत नाही. गटाने बसून कोणाचा बोकड कोणत्या आठवड्यात निघेल हे ठरविल्यास ग्राहकाला नियमित पुरवठा होईल आणि पालकावर घाईने विकण्याची वेळ येणार नाही.

जिल्ह्याच्या हवामानाचाही विचार आवश्यक आहे. शिरोळ, हातकणंगले आणि कागल हे पूर्वेकडील तालुके शेळीला अनुकूल आहेत. गगनबावडा, राधानगरी व शाहूवाडी येथील अतिवृष्टीत उंच, कोरडा व हवेशीर गोठा नसल्यास करडांची मरतूक वाढते. लगतच्या सिंधुदुर्ग जिल्ह्यातील कोकण कन्याळ ही जात पावसाळी हवेत टिकणारी असल्याने या भागात तिचा विचार करण्यासारखा आहे. पीपीआर, आंत्रविषार आणि देवी या रोगांवरील लसीकरण वेळेवर होणे हा या सर्व हिशेबाचा कणा आहे. ज्या गटात लसीकरण चुकते, त्या गटाचा पुरवठा एका साथीत कोलमडतो.

स्वच्छता आणि कायदा

थेट विक्री म्हणजे नियमांतून सुटका नव्हे. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या कायद्याखाली २००१ साली कत्तलखान्यांविषयी नियम करण्यात आले. गाभण जनावर, तीन महिन्यांहून लहान पिलू असलेली माता आणि स्वतः तीन महिन्यांहून लहान असलेले जनावर कापण्यास त्यांनी मनाई केली. पशुवैद्यकाने एका तासात १२ पेक्षा व दिवसात ९६ पेक्षा अधिक जनावरे तपासू नयेत, असेही बंधन घातले. तपासणी नावापुरती होऊ नये, हा त्यामागील हेतू आहे.

अन्नसुरक्षा व मानके अधिनियम २००६ मध्ये संमत झाला. त्याखालील २०११ च्या विनियमांनी दिवसाला दहापर्यंत लहान जनावरे कापणाऱ्या छोट्या व्यावसायिकास परवान्याऐवजी नोंदणीची सोय दिली. आठवड्याला तीन बोकड कापणारी भागीदारी आकाराने याच गटात मोडते. स्वच्छ पाणी, धुता येईल अशी फरशी, जनावर टांगण्याची सोय, सांडपाण्याचा निचरा आणि टाकाऊ भागांची विल्हेवाट या किमान गोष्टी लहान जागेतही करता येतात. मांस जमिनीवर न टेकता टांगून सोलणे, सोलण्याचे व कापण्याचे सुरे वेगळे ठेवणे आणि आतडी न फुटता काढणे एवढ्या तीन सवयींनीही मांसाची प्रत सुधारते.

जनावराच्या कानातील बारा अंकी बिल्ल्याचा उपयोग येथे चांगला होईल. बिल्ल्याचा क्रमांक, लसीकरणाची तारीख, जिवंत वजन व मिळालेले मटण या चार नोंदी ठेवल्या, तर ग्राहकाला मालाचा उगम कळेल आणि पालकाला आपल्या पैदाशीची प्रत कळेल. दोन बोकड सारख्याच वजनाचे असून एकाचे मटण अधिक का भरले, हा प्रश्न पडणे हीच सुधारित पैदाशीची सुरुवात होय.

इतरत्रचे अनुभव

अशा भागीदाऱ्या अन्यत्रही उभ्या राहिल्या आहेत. जपानमध्ये १९७० च्या दशकात शहरी कुटुंबांनी शेतकऱ्यांशी थेट करार करून धान्य, भाजीपाला व अंडी घेण्यास सुरुवात केली. ‘तेईकेई’ या नावाने ती चळवळ ओळखली जाते. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातील बेटांवर पशुपालकांना कत्तलखाना जवळ नसल्याने जनावरे दूरवर न्यावी लागत. तेथील शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थेने २००२ पासून शासकीय निरीक्षणाखालील फिरता कत्तलखाना चालविला. गाडी शेतावर येते, निरीक्षक उपस्थित असतो आणि जनावराला प्रवासाचा त्रास होत नाही. मटणविक्रीत अडलेली कडी शोधून तेवढीच सामायिकरीत्या उभारण्याचा हा मार्ग लक्षात घेण्यासारखा आहे.

महाराष्ट्रात नाशिक जिल्ह्यातील सिन्नर येथे महिला शेळीपालकांनी सावित्रीबाई फुले यांच्या नावाने उत्पादक कंपनी स्थापन केली आहे. २००२ च्या कंपनी कायद्यातील दुरुस्तीमुळे सहकाराची तत्त्वे पाळणाऱ्या अशा उत्पादक कंपन्यांची वाट मोकळी झाली. शेळी-मेंढी विकासासाठी पुण्यश्लोक अहिल्यादेवी यांच्या नावाचे राज्य महामंडळ पुणे येथे असून सांगली जिल्ह्यातील रांजणी व सातारा जिल्ह्यातील दहिवडी ही त्याची प्रक्षेत्रे कोल्हापूरच्या पालकांना जवळची आहेत. फलटण येथील निंबकर कृषी संशोधन संस्थेने शेळी-मेंढीच्या पैदाशीवर दीर्घकाळ काम केले आहे. मेंढपाळांसाठी राजे यशवंतराव होळकर महामेष योजना २०१७ साली सुरू झाली. राष्ट्रीय पशुधन अभियानाच्या २०२१ मधील सुधारित स्वरूपात मोठ्या शेळी-मेंढी प्रक्षेत्रांना अनुदानाची सोय करण्यात आली. संस्था आणि योजना यांची वाण नाही. पाच शेळ्यांच्या गोठ्याला त्यांच्याशी जोडणारी गावपातळीवरील कडी हवी आहे.

भागीदारीतील अडचणी

ही कडी उभारताना तीन अडचणी येतात व त्यांचा विचार आरंभीच करावा लागतो.

पहिली अडचण रोख रकमेची. हेडी जागेवर पैसे मोजतो. संस्थेने आठ दिवसांनी पैसे देण्याचे म्हटले, तर अडलेली स्त्री बोकड पुन्हा हेड्यालाच देईल. यासाठी बचत गटामार्फत लहानसा फिरता निधी ठेवून वजन होताच मोठा हिस्सा देण्याची व्यवस्था हवी. हा निधी नसेल तर बाकी सर्व व्यवस्था कागदावर राहते.

दुसरी अडचण खाटीक व्यावसायिकाच्या स्थानाची. त्याला प्रतिस्पर्धी मानून दूर ठेवल्यास कसब दूर जाते आणि पिढीजात धंद्यावरही घाला येतो. ठरलेली मजुरी, बारमाही काम व स्वच्छ जागा मिळाल्यास तो या व्यवस्थेचा सर्वांत भक्कम भागीदार होईल. जनावर खरेदीतील भांडवल व तोटा यांची जोखीम त्याच्या डोक्यावरून उतरते, हा त्याचाही लाभ आहे.

तिसरी अडचण ग्राहकाच्या सवयीची आहे. सर्वांनाच मांडीचे मटण हवे असते. एका बोकडाला मांड्या दोनच असतात. वाट्याच्या रीतीत प्रत्येकाला सर्व भागांतले थोडे थोडे येते. हा जुना दंडक ग्राहक मंडळाने स्वीकारला, तरच संपूर्ण जनावराचा हिशेब जुळतो. मुंडी, पाय, रक्ती आणि वजडी आवडीने खाणाऱ्या कोल्हापूरला हे अवघड जाऊ नये.

पंचायतीने काय करावे

या कामाचा आरंभ मोठ्या भांडवलाची वाट न पाहता करता येईल. ग्रामपंचायतीने चावडीजवळ किंवा दूध संस्थेच्या आवारात जनावरे तोलण्याचा प्रमाणित काटा बसवावा व तो सर्वांस विनामूल्य खुला ठेवावा. आठवड्याच्या बाजारातील जिवंत वजनाचा दर फळ्यावर लिहावा. पंचायत समितीच्या पशुधन विकास अधिकाऱ्यांनी लसीकरणाचे वेळापत्रक गटाच्या विक्रीच्या वेळापत्रकाशी जोडावे. महिला बचत गटांनी नोंदवही व फिरता निधी सांभाळावा. पुढे शहरातील एका ग्राहक मंडळाशी करार करून महिन्यातून एका रविवारपासून प्रारंभ करावा आणि अनुभव येईल तसे रविवार वाढवावेत.

ज्याला विक्री हेड्यालाच करावयाची आहे, त्यालाही या काट्याचा उपयोग आहे. बोकडाचे वजन ठाऊक असलेला पालक सौद्याला बसतो, तेव्हा बोलण्याची रीतच बदलते. थेट विक्रीची व्यवस्था काही थोड्या गावांत उभी राहील, पण काट्याचा लाभ प्रत्येक गावाला घेता येईल. जिल्ह्यातील दुधाच्या क्रांतीचा आरंभ गावातल्या मापाने झाला. शेळीपालकाच्या उत्कर्षाचा आरंभही गावातल्या काट्याने व्हावा आणि तो बसविण्याचा ठराव पुढील ग्रामसभेत मांडला जावा, ही अपेक्षा गैर ठरू नये.